मुलांना शाळेत पायी नेताना

घरापासून शाळा एक-दीड किलोमीटरच्या आत असेल, तर मुंबईत मुलाला शाळेत नेण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे त्याच्यासोबत चालत जाणे. सकाळच्या वेळी स्वामी विवेकानंद मार्गावर किंवा लालबहादूर शास्त्री मार्गावर रिक्षा किती वेळ अडकेल हे कोणालाही सांगता येत नाही. चालत जायला किती वेळ लागतो हे मात्र आठवडाभरात नेमके कळते. शिक्षण हक्क कायद्याखालील महाराष्ट्राच्या नियमांनीही पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर हे परिसरातील शाळेचे अंतर धरले आहे, म्हणजे मुले चालत येतील हेच तेथे गृहीत आहे.

मुलाला शाळेच्या फाटकापर्यंत पोचवणे एवढेच काम मानले, तर पालक त्याचा हात धरून घाईने निघतो, रस्ता स्वतः पाहतो, स्वतः ठरवतो आणि मूल ओढले जाते. असे मूल रोज वेळेवर पोचते, पण चौथीत गेल्यावरही वळणावर गाडी कोणत्या बाजूने येईल हे त्याला सांगता येत नाही, कारण ते पाहण्याची वेळ त्याच्यावर कधी आलेलीच नसते. म्हणून वाट, वेळ आणि बोलणे या तिन्ही गोष्टी अशा ठरवाव्यात, की मुलाला रस्ता वाचायला सवड मिळेल.

वाट कशी निवडावी

वाट ठरवताना अंतर नंतर मोजावे, आधी रस्ता ओलांडण्याच्या जागा मोजाव्यात. पायी जाताना खरा धोका बहुतेक वेळा ओलांडण्याच्या क्षणी असतो, त्यामुळे दोन ठिकाणी सिग्नलशिवाय रस्ता ओलांडावा लागणाऱ्या जवळच्या वाटेपेक्षा एकाच सिग्नलवरून जाणारी, पाच मिनिटे लांबची वाट नेहमी चांगली. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग तर पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग सोडून अन्यत्र ओलांडूच नयेत. दुभाजकातील तुटलेल्या जागेतून पलीकडे जाण्याची सवय मोठ्यांना असते आणि मूल ती पहिल्याच दिवशी उचलते.

उड्डाणपुलाखालून ओलांडताना विशेष काळजी घ्यावी. डॉ. आंबेडकर मार्गावर लालबाग-परळच्या पट्ट्यात आहेत तसे पुलाचे जाड खांब चालकाची आणि मुलाची नजर एकमेकांपासून तोडतात; अशा ठिकाणी खांबाला लागून उभे न राहता, समोरून येणाऱ्या चालकाला आपण संपूर्ण दिसू अशा जागी थांबावे. चौकातील डावे वळण हे असेच दुसरे ठिकाण आहे. पादचाऱ्यांचा सिग्नल हिरवा असतानाही डावीकडे वळणाऱ्या दुचाकी आणि रिक्षा थांबतीलच असे नाही, म्हणून वळणाच्या अगदी टोकावरून न जाता, आखलेले पट्टे दिसत असतील तर त्यांच्यावरूनच ओलांडावे.

पदपथाचे म्हणाल, तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असायला हवी, म्हणजे पालक आणि मूल शेजारी शेजारी चालत असताना समोरून माणूस सहज जाऊ शकेल. मुंबईतील अनेक रस्त्यांवर फेरीवाले, लावून ठेवलेल्या दुचाकी, झाडांची उचललेली मुळे आणि विजेच्या पेट्या यांतून जेमतेम एकाला जाता येईल एवढीच जागा उरते. जेथे पदपथातून वारंवार रस्त्यावर उतरावे लागते तो रस्ता टाळून समांतर गल्ली शोधावी. दादर-माटुंगा भागात सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या वसाहतींतील आतले रस्ते किंवा विलेपार्ल्याच्या आतल्या गल्ल्या मुख्य रस्त्यापेक्षा शांत आणि सावलीच्या असतात. पदपथ मुळीच नसेल, तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे आणि मुलाला रस्त्याच्या बाहेरच्या कडेला ठेवावे. पाठीमागून येणाऱ्या वाहनावर विसंबून चालण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

पदपथावर मूल भिंतीच्या बाजूला आणि पालक रस्त्याच्या बाजूला, हा नियम बहुतेकांना माहीत असतो. त्याला एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. सोसायटीचे फाटक आले की भिंतीच्या बाजूचे मूलच बाहेर येणाऱ्या गाडीच्या सर्वांत जवळ असते, आणि तळघरातील वाहनतळातून चढ चढून येणाऱ्या गाडीच्या चालकाला ते शेवटपर्यंत दिसत नाही. म्हणून प्रत्येक फाटकाशी अर्धा क्षण थांबून आत डोकावण्याची सवय लावावी. ओळखीचा वॉचमन असेल, तर मुलाने त्याला नमस्कार करून पुढे जावे. त्यामुळे वॉचमनचेही मुलाकडे लक्ष जाते.

घर रुळांच्या एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या बाजूला असेल, तर पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग यांखेरीज पर्याय नाही. रूळ ओलांडणे हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलाने ते एकदा आपल्यासोबत केले की पुढे एकट्याने करायला ते कचरत नाही. पुलावर गर्दी तुंबलेली दिसली, तर खालीच थांबावे. लोकल आल्यावर जिन्यावर उतरणारा लोंढा दोन-तीन मिनिटांत ओसरतो, आणि त्यात सहा वर्षांच्या मुलाचे डोके मोठ्यांच्या कमरेशी असते.

वाट नक्की करण्यापूर्वी ती शाळेच्या वेळेत एकदा एकट्याने चालून पाहावी. रविवारी मोकळा दिसणारा रस्ता सोमवारी सकाळी दुधाचे टेम्पो, कचऱ्याच्या गाड्या आणि शाळेच्या बस यांनी भरून गेलेला असतो.

वेळ आणि दप्तर

प्रौढ माणूस १ किलोमीटर साधारण १२ मिनिटांत चालतो. पहिलीतल्या मुलाला तेवढ्यासाठी १८ ते २० मिनिटे लागतात. त्यात थांबण्याची, बुटाची नाडी बांधण्याची आणि मांजर पाहण्याची पाच मिनिटे धरावीत. राज्य शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याची सूचना दिली आहे. जेथे ती पाळली जाते तेथे मुलाची झोप पूर्ण होते हे खरे, पण नेमकी तीच वेळ कार्यालयांकडे निघालेल्या गर्दीची असते, त्यामुळे स्टेशनजवळून जाणारी वाट असेल तर पंधरा मिनिटे आधी निघणे सोयीचे पडते. दुपारच्या सत्राच्या मुलांना उन्हाचा प्रश्न असतो. त्यांच्यासाठी सावलीची बाजू पाहून वाट ठरवावी आणि टोपी दप्तरातच ठेवावी.

दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात म्हटले आहे. २० किलो वजनाच्या मुलासाठी ही मर्यादा २ किलो होते. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो, तेव्हा शाळेत पिण्याच्या पाण्याची चांगली सोय असेल तर बाटली अर्धीच भरावी. दप्तर दोन्ही खांद्यांवर घट्ट असावे. डब्याची वेगळी पिशवी हातात देऊ नये, कारण मुलाचा एक हात आपल्या हातात आणि दुसरा मोकळा असायला हवा.

रस्ता ओलांडण्याचे शिक्षण

येणारे वाहन किती वेगाने येत आहे आणि आपल्यापर्यंत पोचायला त्याला किती वेळ लागेल, याचा अंदाज साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना नीट येत नाही. तो केवळ समजावून देऊन येणारा अंदाज नाही. तो वाढीबरोबर आणि सरावाने येतो. त्यामुळे दुसरीतल्या मुलीला नियम तोंडपाठ असले तरी तिच्या निर्णयावर सोडून देऊ नये, आणि तरीही निर्णयाचा सराव मात्र पहिलीपासूनच सुरू करावा. या दोन गोष्टी एकत्र कशा करायच्या, हाच या साऱ्याचा गाभा आहे.

त्यासाठी साधी पद्धत अशी. पदपथाच्या कडेला, कडेपासून एक पाऊल मागे, पूर्ण थांबावे. चालता चालता पाहणे म्हणजे पाहणे नव्हे, हे मुलाला आपल्या थांबण्यावरून कळते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून जवळच्या अर्ध्या रस्त्यावरचे वाहन आपल्या उजवीकडून येते. यास्तव आधी उजवीकडे, मग डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे पाहावे. एकेरी वाहतुकीचा रस्ता असला तरी दोन्हीकडे पाहावे, कारण उलट दिशेने येणारी दुचाकी मुंबईत दुर्मीळ नाही. हल्ली विजेवर चालणाऱ्या स्कूटरचा आवाज जवळजवळ येत नाही, त्यामुळे कानांवर विसंबून राहू नये. मग मुलाला विचारावे, ‘आता जायचे का?’ त्याने उत्तर द्यावे आणि कारणही सांगावे: ‘नाही, ती पांढरी गाडी अजून थांबलेली नाही.’ निर्णय आपणच घ्यायचा, पण त्याने आपला निर्णय आधी बोलून दाखवायचा. काही महिन्यांत दोघांची उत्तरे जुळू लागतात, आणि कोठे जुळत नाहीत ते आपल्याला कळते.

निघाल्यावर सरळ आणि चालत जावे, धावू नये, आणि ओलांडत असतानाही मान वळवून पाहत राहावे. चालकाने हात करून बोलावले तरी त्याच्या पलीकडच्या मार्गिकेतून दुचाकी येत नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये. झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्याला आधी जाऊ देणे चालकावर बंधनकारक आहे, आणि तो आपला हक्क आहे हे मुलाला जरूर सांगावे, पण समोरचे वाहन प्रत्यक्ष थांबल्याचे पाहिल्यावरच तो बजावायला शिकवावे.

सिग्नलवर एक नियम कटाक्षाने पाळावा: आपण पोचलो तेव्हा हिरवा दिवा आधीच लागलेला असेल, तर तो सोडून द्यावा आणि पुढच्या हिरव्यावर निघावे. १८ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला प्रौढाला सुमारे १५ सेकंद लागतात, दप्तर घेतलेल्या लहान मुलाला त्याहून अधिक. उरलेले सेकंद किती आहेत याचा अंदाज बांधत पळणे मुलाने आपल्याकडून शिकू नये. माहीम ते दादर या पट्ट्यातील काही सिग्नलांवर २०२० पासून पुरुषाऐवजी स्त्रीची आकृती दिसते. त्या वाटेने जाणाऱ्या लहान मुलांना ती शोधायला सांगितली, की त्यांची नजर आपोआप दिव्यावर राहते.

उभ्या गाड्यांच्या मधून रस्त्यावर उतरणे पूर्णपणे वर्ज्य मानावे. पहिलीतल्या मुलाची उंची साधारण ११५ सेंटीमीटर असते आणि मोठ्या गाडीचा पुढचा भाग त्याच्या खांद्यापर्यंत येतो, त्यामुळे येणाऱ्या चालकाला ते मूल रस्त्यावर आल्यावरच दिसते. बेस्टच्या थांब्यावर उभ्या बसच्या पुढून ओलांडणेही याच कारणाने धोक्याचे आहे. बस निघून जाऊ द्यावी. मागे घेतल्या जाणाऱ्या (रिव्हर्स येणाऱ्या) टेम्पोच्या मागच्या दिव्याचा अर्थ मुलाला लवकर शिकवावा.

हात धरताना बोट धरू देऊ नये, पूर्ण पंजा किंवा मनगट धरावे. दोन मुले असतील तर दोन्ही हात लागतात, म्हणून पावसाळ्यात पालकाने छत्रीऐवजी रेनकोट घालावा. फोन वाटेत खिशातच असावा. आपण फोनवर बोलत ओलांडलेला रस्ता मुलाच्या दृष्टीने तसाच ओलांडायचा असतो.

शाळेच्या फाटकासमोरचे शेवटचे पन्नास मीटर बहुधा साऱ्या वाटेतील सर्वांत गोंधळाचे असतात. गाडीने येणारे पालक फाटकाशीच थांबतात, मागे घेतात, वळवतात, आणि त्यातून चालणारी मुले वाट काढतात. गाडीने मुले सोडणाऱ्यांनी शंभर मीटर अलीकडे थांबून उरलेले अंतर चालावे, असे मला मनापासून वाटते. पालक सभेत हा विषय काढावा. शाळेत आरएसपीचे (रोड सेफ्टी पेट्रोल, म्हणजे विद्यार्थ्यांचे रस्ता सुरक्षा) पथक असेल, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली सुटण्याच्या वेळी फाटकाशी मदत करता येईल का, हे मुख्याध्यापकांना विचारावे. पुसलेले झेब्रा पट्टे पुन्हा आखण्याची मागणी शाळेच्या पत्रावर, पालकांच्या सह्यांसह, महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे आणि वाहतूक पोलिसांकडे केली, तर ती एकट्या पालकाच्या तक्रारीपेक्षा अधिक गांभीर्याने घेतली जाते.

पावसाळ्यात

मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास पोचतो आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. म्हणजे नवी शाळा, नवी वाट आणि पाऊस हे सारे मुलापुढे एकाच आठवड्यात येते. यावर उपाय एकच: पहिलीत जाणाऱ्या मुलाला मे महिन्यात, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, वाट दाखवून आणावी. कोरड्या रस्त्यावर कोठे खड्डा आहे, कोठे मॅनहोलचे झाकण आहे, कोठे पदपथ खचला आहे, हे पाहून ठेवले, तर पाणी साचल्यावर त्या जागा आठवतात. पावसाळ्यापूर्वी बुजवलेले चर पहिल्या मोठ्या सरींनंतर खचतात, तेव्हा ताज्या खणकामाच्या पट्ट्यावरून चालू नये.

साचलेल्या पाण्यात मुलाला चालवू नये, हा नियम घोट्याएवढ्या पाण्यापासूनच लागू करावा. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात प्रभादेवी भागात एका ज्येष्ठ डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला. त्यांना रस्ता अनोळखी नव्हता, पाण्याखालचे भोक दिसले नव्हते. झाकण निघालेले किंवा हललेले दिसले, तर महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर लगेच कळवावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशी काही खूण तेथे ठेवावी.

भरतीचे वेळापत्रक हे पावसाळ्यातील दुसरे घड्याळ मानावे. भरतीच्या लाटा साधारण साडेचार मीटरहून उंच असणारे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. त्या वेळी समुद्राची पातळी पर्जन्यजल वाहिन्यांच्या मुखांपेक्षा वर जाते आणि शहरातील पाणी बाहेर पडत नाही. त्याच तासात जोराचा पाऊस झाला की हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे यांसारखे सखल भाग भरतात. शाळा सुटण्याची वेळ आणि मोठी भरती एकत्र येत असेल, तर त्या दिवशी मुलाला आणायला कोण जाणार आणि कोणत्या वाटेने, हे सकाळीच ठरवावे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा असंख्य मुले वाटेत अडकली आणि अनेकांनी रात्र शाळेत काढली. शाळेत थांबलेली मुले सुरक्षित होती. म्हणून मुलाला स्पष्ट सांगून ठेवावे, की पाणी भरले आणि घरून कोणी आले नाही, तर शाळेतच, बाईंजवळ थांबायचे. मित्राच्या वडिलांबरोबरही आधी ठरलेले नसेल तर निघायचे नाही. सुट्टीची बातमी मोबाइलवरच्या गटात फिरत आली, तरी ती महापालिकेच्या किंवा शाळेच्या अधिकृत सूचनेशी ताडून पाहावी.

पेहरावाबद्दल थोडक्यात. रेनकोट पिवळा किंवा केशरी असावा, आणि टोपीच्या कडा पारदर्शक असाव्यात, नाही तर मुलाला दोन्ही बाजूंचे दिसत नाही. गमबुटांत पाणी शिरले की पाय उचलवत नाही. मागे पट्टा असलेल्या पावसाळी सँडल बऱ्या, आणि शाळेचे बूट-मोजे पिशवीत न्यावेत. विजेचे खांब, पेट्या आणि जाहिरात फलकांचे लोखंडी पाय यांना हात लावू नये, सोसाट्याचा वारा असताना झाडाखाली थांबू नये. जुन्या वाड्यांच्या भागात नारळाच्या झावळ्याही पडतात.

एवढे करूनही पाण्यातून जावेच लागले, तर घरी पोचताच पाय साबणाने धुवावेत आणि जखम, खरचट आहे का ते पाहावे. साचलेल्या पाण्यातील उंदरांच्या मूत्रामुळे लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो बारीकशा जखमेतूनही शिरतो. अशा वेळी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावे. प्रतिबंधक औषध वयानुसार वेगळे असते, म्हणून मोठ्यांची गोळी मुलाला देऊ नये.

माणसे, कुत्री आणि वाटेतील बोलणे

वाटेवरील तीन-चार ओळखीची ठिकाणे मुलाला नेमून द्यावीत: औषधांचे दुकान, किराणावाले काका, फुलवाल्या मावशी, इस्त्रीवाले. भीती वाटली, कोणी मागे लागले, वाट चुकली, तर तेथे जायचे. त्या मंडळींनाही आपण मुलाची ओळख करून द्यावी. पालकांचा मोबाइल क्रमांक मुलाला पाठ असावा आणि ११२ (तातडीची मदत) व १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) हे क्रमांक कशासाठी आहेत ते त्याला ठाऊक असावे. अनपेक्षित कोणी ‘आईने पाठवले आहे’ असे म्हणाले, तर विचारण्याचा घरचा एक शब्द ठरवून ठेवावा.

कुत्रे जवळ आले तर पळू नये, ओरडू नये, हात खाली ठेवून स्थिर उभे राहावे. चावा किंवा ओरखडा झाला, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

रस्ता ओलांडण्याच्या जागा सोडल्या, तर बाकीची वाट बोलण्यासाठीच असते. दुकानांच्या मराठी पाट्या हे पहिली-दुसरीच्या मुलांसाठी उत्तम वाचनाचे साहित्य आहे, कारण तेथे जोडाक्षरे भरपूर असतात आणि अर्थ समोर मांडलेला असतो. एप्रिल-मेमध्ये ताम्हण फुलते, ते आपले राज्यफूल आहे हे सांगावे. शाळेत काय झाले हे येताना विचारावे, पण लगेच नव्हे. बहुतेक मुले घराच्या निम्म्या वाटेवर आली की आपणच बोलू लागतात.

शेजारची मुले सोबत घेता आली तर पालकांचा भार हलका होतो. चार-सहा मुलांमागे दोन मोठी माणसे, एक पुढे आणि एक मागे, ठरलेली वेळ, ठरलेले थांबे, आणि आज कोणाची पाळी आहे याची एक साधी यादी एवढ्यावर ही व्यवस्था चालते. आजी-आजोबांचा यात मोठा आधार होतो, मात्र त्यांच्या चालण्याचा वेग धरून वेळ ठरवावी. आजारी मूल येणार नसेल तर आदल्या रात्रीच कळवण्याची शिस्त सर्वांनी पाळावी, म्हणजे फाटकाशी कोणाची वाट पाहत राहावे लागत नाही.

हात सोडताना

तिसरी-चौथीत गेल्यावर मुलाने पुढे चालावे आणि वाट दाखवावी. पालकाने त्याच्या मागे हाताच्या अंतरावर राहावे आणि ओलांडताना शेजारी यावे. पाचवीच्या सुमारास हे अंतर दहा-पंधरा पावलांचे करावे. पुढची पायरी म्हणजे पालकाने फक्त अवघड चौकापर्यंत सोबत जाणे. त्यानंतर मित्रमैत्रिणींसह आणि शेवटी एकट्याने. वये येथे ढोबळ आहेत. एकाच घरातील दोन भावंडांत दोन वर्षांचा फरक पडू शकतो. कसोटी अशी, की सलग काही आठवडे मुलाने न सांगता कडेला थांबून पाहिले आहे का, आणि मित्र पलीकडून हाक मारत असतानाही ते थांबते का. एकटे असताना नियम पाळणारी मुले मित्र सोबत असताना विसरतात, म्हणून त्यांना मित्रांसह चालतानाही दुरून पाहावे.

एकट्याने जाण्याची सुरुवात जूनमध्ये करू नये. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दिवस त्यासाठी योग्य असतात: पाऊस संपलेला असतो, रस्ते कोरडे असतात, शाळेचे वेळापत्रक अंगवळणी पडलेले असते. पहिले काही दिवस मुलाला सांगूनच, रस्त्याच्या दुसऱ्या पदपथावरून मागे जावे. लपून पाठलाग केला आणि ते त्याच्या लक्षात आले, तर आपल्यावर विश्वास नाही असे त्याला वाटते. पोचल्यावर शाळेतून आणि परतल्यावर घरातून कसे कळवायचे ते ठरवावे. काही चुकले, म्हणजे धावत रस्ता ओलांडला किंवा न सांगता वाट बदलली, तर रागावण्यापेक्षा आठवडाभर एक पायरी मागे यावे, त्याच जागी पुन्हा दोघांनी थांबून पाहावे आणि मग परत पुढे जावे.